उपड्या वाटीखालचा रंग

काकांच्या घरात कुठेही उपडी वाटी दिसली तरी ती उचलायची नाही, असा कायदाच होता. कधी ती जेवणाच्या टेबलावर असायची, कधी पुस्तकांच्या कपाटावर, एकदा तर कपडे धुण्याच्या मशीनवरही होती. पाहुण्यानं सवयीनं हात पुढे केला की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "राहू द्या हो! खाली यांचा पाहुणा झोपलाय." खाली असायची एखाद्या रानटी भूछत्राची देठ कापलेली टोपी. आतले नाजूक पापुद्रे खाली येतील अशी ती कार्डावर ठेवलेली असायची. वाटीखाली वारा नाही, धक्का नाही, त्यामुळे सकाळपर्यंत पापुद्र्यांमधून बारीक पूड झडायची आणि कार्डावर टोपीचा सुंदर गोल ठसा उमटायचा. पूड पांढरी, गुलाबी, तपकिरी की काळी, यावरून त्या भूछत्राचं घराणं कळतं. माणसाच्या घराण्यासाठी चार नातेवाइकांना विचारावं लागतं, इथे एका वाटीत काम भागतं, असं काका म्हणायचे. हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल याचा हिशेब काकूंनी केव्हाच सोडून दिला होता.

काका सगळ्या वसाहतीचेच काका. तीन इमारती, मधोमध सगळ्यांची मिळून एक हिरवळ, एक झोपाळा, दोन बाक. काकांचं घर तळमजल्यावर, खिडकीतून पाय टाकला की गवत. चार दिवस पाऊस पडून ऊन आलं की गवतात भूछत्रं उगवायची आणि त्यांच्या मागोमाग काकाही. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात जुना डबा, गुडघ्याखाली घ्यायला गादीचा तुकडा. लोक त्यांना छत्रीकाका म्हणायचे. काही जण पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील, पण ज्यांच्या दारात भूछत्र उगवलं ते सगळे मुकाट्यानं त्यांचीच बेल वाजवायचे.

या नादाची सुरुवात झाली ती निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या लहानग्या मुलीनं हिरवळीवरचं कुठलंसं भूछत्र उचलून तोंडात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "कुठलं होतं?" तो प्रश्न बाईंपासून रखवालदारापर्यंत सगळी वसाहत फिरून आला, पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. पोरीला काही झालं नाही. संध्याकाळी ती झोपाळ्यावर बसून खिदळत होती. पण काकांना तो प्रश्न झोपू देईना. रोज ज्या गवतावरून आपण चालतो, त्यात काय उगवतं हे तीन इमारतींत मिळून एकालाही ठाऊक नसावं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी ते ग्रंथालयात गेले.

आणि मग पूड, ठसा, रंग हे सगळं वाचल्यावर काका सुखावलेच. कारण रंग हीच तर त्यांची भाकरी होती. चौतीस वर्षं त्यांनी रंगाच्या कारखान्यात छटा तपासल्या. करड्या भिंतींची खोली, उत्तरेकडे मोठी खिडकी आणि खिडकीशी उभे काका. एका हातात नमुन्याची पट्टी, दुसऱ्या हातात नुकत्याच घोटलेल्या रंगाची पट्टी. त्यांनी मान डोलावली तरच पिंप गाडीत चढायचं. दुसऱ्याला दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणी वाटाव्यात, तिथे काका म्हणायचे, "लाल जास्त झालाय. चिमूटभर." आणि लाल चिमूटभर जास्त झालेलाच असायचा.

त्या खोलीची एक रीत होती. प्रत्येक छटेच्या कार्डावर खाली दोन रेघा असायच्या. पहिल्या रेघेवर सही पहिल्या डोळ्याची, म्हणजे ज्यानं छटा तपासली त्याची. दुसऱ्या रेघेवर सही दुसऱ्या डोळ्याची, म्हणजे ज्यानं ती पुन्हा, न विचारता, न ऐकता, स्वतः पाहिली त्याची. दुसरी सही नसेल तर कार्ड कोरं धरायचं, मग पहिली सही खुद्द मालकाची का असेना. काकांना हाताखाली घेणारे म्हातारे हेडसाहेब सांगायचे, "डोळा बिघडला की त्याला स्वतःला कळत नाही. त्याला वाटतं, जगच बदललं." काकांनी पुढे स्वतः कितीतरी नवख्यांना हेच शिकवलं.

भूछत्रांची कार्डंही त्यांनी तशीच केली. अर्धं काळं, अर्धं पांढरं, म्हणजे पांढरी पूड काळ्यावर दिसावी आणि काळी पांढऱ्यावर. मागची बाजू कोरी. पुढे नंबर, तारीख, जागा, रंग, नाव, आणि हाताच्या सवयीनं खाली दोन रेघा. पहिलीवर त्यांची झोकदार सही. दुसरी रिकामी. निवृत्त माणसानं दुसरा डोळा आणायचा कुठून? घरात काकू होत्या, पण काकूंच्या रंगज्ञानावर काकांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात फुली मारली होती. पडद्याच्या कापडाचा रंग विचारला तर काकू म्हणाल्या, "चहाच्या गाळासारखा." तेव्हापासून भिंत साबणाच्या पाण्यासारखी, सोफा जुन्या पितळेसारखा. "हिच्या रंगांना नंबर नसतात, चवी असतात," असं काका चारचौघांत सांगायचे आणि लोक हसायचे. काकूही हसायच्या.

एकशे अठ्ठ्याऐंशी कार्डं एका बुटांच्या खोक्यात जमली होती. आणि इतक्या कार्डांत काकांनी एकदाही, कुणालाही, 'खा' म्हणून सांगितलं नव्हतं. हे विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका. हे निरुपद्रवी, पण खाऊ नका. हे ओळखता आलं नाही, म्हणजे अजिबातच खाऊ नका. त्यांच्या या नन्नाच्या पाढ्याचा सगळ्यात जास्त वैताग आला होता तो मेहुणेबुवांना.

मेहुणेबुवा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. तीस वर्षं जहाजावर आचारी, आता दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहतात, दर गुरुवारी बहिणीकडे येतात आणि येताना हातात काहीतरी खाण्याचं असतंच. कुठल्याशा बंदरात, एका म्हातारीच्या खानावळीत त्यांनी रानातलं मोठं छत्रीएवढं भूछत्र लोण्यावर परतलेलं खाल्लं होतं. ते सांगताना अजूनही त्यांचे डोळे मिटायचे.

"भावोजी, तुम्ही माणसांना नुसती भीती घालता," ते म्हणायचे. "इतका अभ्यास कशासाठी मग? आयुष्यात एकदा तरी 'खा' म्हणा ना."

"म्हणेन," काका म्हणायचे. "खात्री झाली की म्हणेन."

त्या वर्षीच्या पावसाळी आठवड्यात झोपाळ्याजवळ अकरा भूछत्रं उगवली. चांगली तळहाताएवढी, पांढरी, वर तपकिरी खवले, देठावर सैल कडी, आणि सगळी मिळून गोलाकार. बुधवारी दुपारी काका गादीच्या तुकड्यावर टेकले आणि पंधरा मिनिटं उठलेच नाहीत. हेच ते, म्हातारीच्या खानावळीतलं. किंवा मग त्याचा चुलतभाऊ. चुलतभाऊ दिसायला अगदी तसाच, पण खाल्ला तर दोन तासांत माणूस असा ओकतो की आतडी बाहेर येतील असं वाटावं, आणि थकलेल्या, वयस्क माणसाला तर दवाखान्यातच न्यावं लागतं. दोघांत पक्का फरक एकच. चांगल्याची पूड पांढरी. वाईटाची हिरवी.

काकांनी एक पूर्ण उमललेली टोपी कापली, कार्डावर ठेवली आणि खिडकीच्या कट्ट्यावर घरातली सगळ्यात मोठी वाटी उपडी घातली. मग मेहुणेबुवांना फोन करून सगळं समजावून सांगितलं.

"भावोजी," मेहुणेबुवा पलीकडून हळूच म्हणाले, "लोणी आणू का?"

"आधी रंग बघू दे," काका म्हणाले. पण त्यांचाही आवाज हलला होता.

गुरुवारी सकाळी काकू दाढ काढायला दवाखान्यात गेल्या. लवकरची वेळ मिळाली होती, त्यामुळे घाईघाईत निघाल्या. काकांनी स्वतःच अंघोळीनंतर कपडे शोधले, पावसाळी हवेत पाय गार पडतात म्हणून मोजे चढवले, चहा करून घेतला, आणि मग सावकाश, देवळात गेल्यासारखे, खिडकीशी गेले. वाटी उचलली. टोपी अलगद सरकवली.

काळ्या अर्ध्या भागावर ठसा स्वच्छ उठला होता. पांढऱ्या अर्ध्यावर जेमतेम दिसत होता, म्हणजे जसा दिसायला हवा तसाच. काकांनी कार्ड उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं. किंचित मळकट वाटलं. काल हवा दमट होती, ओल धरली असेल. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि कार्डावर लिहिलं, 'नं. १८९. पांढरा.' खाली सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

फोन गेला आणि मेहुणेबुवा दहा मिनिटांत हजर. लोण्याचं पाकीट, मिरीची पूड, आणि घरची जड लोखंडी तवीसुद्धा, कारण बहिणीच्या तव्यावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. हिरवळीवरून त्यांनी सहा कोवळी, अर्धवट उमललेली भूछत्रं निवडून आणली. पाण्याखाली न धरता ओल्या फडक्यानं पुसली. काका दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिले. चौतीस वर्षं त्यांचं काम 'नाही' म्हणण्याचंच होतं. नाही, जुळत नाही. पुन्हा घोटा. आज एका माणसाला त्यांनी 'हो' म्हटलं होतं आणि तो माणूस सुरीनं पातळ काप करताना गुणगुणत होता. काकांना फार बरं वाटत होतं.

लोणी वितळलं. काप तवीत पडले आणि सगळ्या घरात वास सुटला. तेवढ्यात दार उघडून काकू आल्या. एक गाल सुजलेला, बधिर, तोंडाला रुमाल लावलेला. त्यांनी वास घेतला. भावाकडे पाहिलं, तवीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या थेट खिडकीशी गेल्या आणि कार्ड उचललं. तशाच परत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"अगं ताई, अजून होतंय!" मेहुणेबुवा म्हणाले.

"चाखलंस?" काकूंनी रुमालातूनच विचारलं.

"नाही. मीठ घालायचं राहिलंय. मीठ घातल्याशिवाय आचारी चाखत नाही."

काकू खुर्ची ओढून बसल्या. "हिरवा आहे," त्या म्हणाल्या.

"काय हिरवं आहे?" काकांनी विचारलं.

"ठसा. हिरवा आहे हो."

काका हसले. "अगं, पांढरा आहे. जरा ओल धरलीये एवढंच. तुझं काय, तुला भिंतही साबणाच्या पाण्यासारखी दिसते."

काकू या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ काढलं आणि कार्डाच्या पांढऱ्या भागावर, ठशाला लागून ठेवलं. "हे पांढरं," त्या म्हणाल्या. "आता बघा."

नमुन्याशेजारी नमुना ठेवून बघणं ही तर काकांचीच पद्धत. ते कार्ड घेऊन खिडकीशी गेले. मीठ दिसलं, ठसा दिसला. दोन्ही एकसारखे. त्यांनी मान हलवली. मेहुणेबुवा हात पुसत त्यांच्या खांद्यामागून डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला.

"भावोजी, हिरवा आहे हो. चक्क हिरवा."

"रंग बहुमतानं ठरत नसतो!" काकांचा आवाज चढला. त्या घरात त्यांचा आवाज क्वचितच चढायचा. तवीतलं लोणी अजून चुरचुरत होतं.

काकू उठून त्यांच्याजवळ आल्या. "तुमच्या पायांत बघा," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी खाली पाहिलं. पायांत काळे मोजे होते.

"एक काळा आहे," काकू म्हणाल्या. "दुसरा निळा. रोज मीच काढून ठेवते ना, आज घाईत राहून गेलं."

काकांनी मेहुणेबुवांकडे पाहिलं. मेहुणेबुवा आयुष्यभर थापा मारत आलेले, जहाजावरच्या निम्म्या गोष्टी तर त्यांनी रचलेल्याच. पण या वेळी त्यांना थाप सुचली नाही. ते जमिनीकडे बघत राहिले, आणि काकांना कळायचं ते कळलं.

ते खुर्चीत बसले. आधी त्यांच्या मनात मोजे आले नाहीत, डोळेही आले नाहीत. आली ती तवी. अजून पाच मिनिटं, चिमूटभर मीठ, आणि हा साठी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस त्यांच्या सहीवर विश्वास ठेवून पोटभर जेवला असता.

"मेहुणेबुवा," ते कसंबसं म्हणाले, "मी तुम्हाला..."

"काही झालं नाही भावोजी." मेहुणेबुवांनी तवीतलं सगळं पिशवीत ओतून पिशवीला दोन गाठी मारल्या. "मोतीबिंदू असेल. हल्ली लगेच काढतात. माझ्या कप्तानाचे दोन्ही काढले, तर पहिल्याच दिवशी म्हणतो कसा, जहाज कुणी रंगवलं?" मग ते फडकं, साबण घेऊन तवी, सुरी, चिरायची फळी सगळं दोन-दोनदा घासत बसले. उरलेली भूछत्रं काढून टाकायला बाहेर गेले ते हिरवळीवरच रेंगाळले. नवरा-बायकोला जरा एकटं सोडावं एवढी समज त्यांना होती.

काकांनी कपाटातून बुटांचं खोकं काढलं. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, कधीपासून? कुठल्या कार्डापर्यंत त्यांचा डोळा खरा होता आणि कुठून पुढे त्यांनी शेजाऱ्यांना खोटं सांगितलं? चुकीचं कार्ड असण्यापेक्षा कार्ड नसलेलं बरं, हे ते नेहमी म्हणायचे. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि शेवटच्या कार्डापासून मागे जात एकेक कार्ड उजेडात धरायला लागले. पण ज्या डोळ्यानं चूक केली त्याच डोळ्याला चूक कशी सापडणार? दहा-बारा कार्डांतच त्यांना हे उमगलं आणि त्यांनी हात टेकले. हातातलं कार्ड पालथं पडलं.

कार्डाच्या मागे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. बारीक, फिकट, खोडरबरानं एका फटक्यात जाईल असं. 'चहाच्या गाळासारखा.'

काकांनी कार्ड उलटलं. पुढे त्यांच्या अक्षरात होतं, 'नं. १७७. काळा.' त्यांनी पुढचं कार्ड पालथं केलं. कोरं. त्याच्या पुढचं. 'बिटाच्या पाण्यासारखा, फिका.' मग कोरं, कोरं, मग 'जुन्या पितळेसारखा.' मागे जावं तसं पेन्सिल विरळ होत गेली आणि एकशे एकतिसाव्या कार्डामागे संपली. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. त्याआधीची सगळी कार्डं मागून स्वच्छ होती.

काकू पलीकडच्या खुर्चीत गालाला रुमाल लावून बसल्या होत्या.

"हे तू लिहिलंस?"

"खोक्यावरची धूळ पुसताना बघायचे मी." त्यांचे शब्द बधिर ओठांतून जड येत होते. "जिथे मला वेगळं दिसलं तिथेच लिहिलं. उद्या कुणाच्या लेकरानं काही तोंडात घातलं आणि डॉक्टरांना कार्ड दाखवायची वेळ आली तर? तुम्ही कुणाला 'खा' म्हणत नव्हतात म्हणून निभावलं. आज म्हणालात, आणि मी घरात नव्हते."

"मला का नाही सांगितलंस?"

काकूंचे डोळे भरून आले. "तुमचा डोळा होता तो," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं ज्याच्या भरवशावर पिंपं जायची, तो गेला म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगायचं? भीती वाटायची मला. वाटायचं, हे बसतील ते उठणारच नाहीत."

काका बराच वेळ त्या पेन्सिलीच्या ओळींवरून बोट फिरवत राहिले. त्या लहानग्या पोरीच्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न जर पुन्हा कुणी विचारला असता, तर खरं उत्तर या घरात होतं. खोक्यात होतं, कार्डाच्या पाठीवर होतं. कारखान्यात दुसऱ्या डोळ्याला पगार होता, खुर्ची होती, सहीची रेघ होती. इथला दुसरा डोळा धूळ पुसता पुसता काम करत होता, आणि त्याच्यावर ते चारचौघांत विनोद करत होते. त्यांना स्वतःचा फार राग आला. आणि त्या रागाच्या आतून, खूप वर्षांनी, बायकोबद्दल असं काही दाटून आलं की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

"पेन्सिलीनं का लिहिलंस?" शेवटी त्यांनी विचारलं. "खाली रेघ होती की. दुसरी. रिकामीच होती."

"त्या रेघेवर सही करायला कुणी सांगितलं होतं मला?"

काकांनी एकशे एकोणनव्वद नंबरचं कार्ड पुढे ओढलं. मीठ झटकलं. 'पांढरा' या शब्दावर सरळ काट मारली आणि पेन हातात धरून थांबले.

"कसा हिरवा?"

काकूंनी कार्ड जवळ घेऊन नीट पाहिलं. "पिस्त्याची साल काढली की आत असतो ना, तसा. जरा शिळ्या पिस्त्याचा."

काकांनी ते जसंच्या तसं लिहिलं. 'शिळ्या पिस्त्यासारखा.' पुढे भूछत्राचं नाव लिहिलं, 'विषारी' लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली. मग कार्ड काकूंकडे सरकवलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. काकूंनी सही केली. आयुष्यात सही करायची वेळ फार आली नव्हती, त्यामुळे अक्षर लग्नाआधीच्या वहीतलं असावं तसं गोल आलं.

मेहुणेबुवा हिरवळीवरून परत आले तेव्हा दोघं टेबलाशी समोरासमोर बसली होती. काका पेन्सिलीनं खूण केलेली कार्डं एकेक करून पुढे ठेवत होते आणि रंग विचारत होते, काकू सांगत होत्या. अजून वीस-बावीस सह्या बाकी होत्या.